बाटल्यांची गल्ली

त्या उन्हाळ्यात आम्ही नेमकं काय शोधत होतो, हे मला अजून धड सांगता येत नाही. डॉक्टर समजावून सांगायचे तेव्हा सगळं पटायचं. दवाखान्याची पायरी उतरून उन्हात आले की डोक्यातलं सगळं साफ. आता केस पिकले, दाढा गेल्या, तरी तेच. मुलींकडून पंचवीस वर्षं त्रैराशिक घोकून घेणारी मी, पण त्या एका उन्हाळ्याचा हिशेब मांडायला बसले की कुठली संख्या कुठं लिहायची तेच कळत नाही.

तेव्हा मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमचे यजमान गिरणीच्या कचेरीत कारकून. भोंग्याबरोबर घराबाहेर आणि भोंग्याबरोबर घरात. शाळेला सुट्टी लागली आणि एक दिवस एक डॉक्टर आमच्या मोठ्या बाईंकडून पत्ता काढत घरी आले. मुंबईला शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, बोलताना सारखा चष्मा पुसायचे. त्यांना घरोघर फिरणारी एक बाई हवी होती. लिहिता-वाचता येणारी, उन्हाला न भिणारी आणि लोकांनी दारातून हाकलून दिलं तरी पुन्हा जाणारी. मोठ्या बाईंनी माझं नाव का सुचवलं ते उघड आहे. माझ्या तोंडाला शाळेत सगळे भीतच होते.

त्यांचं म्हणणं असं. मधुमेह हा गादीवर बसून तूप खाणाऱ्यांचा रोग, असं सगळे म्हणतात. डॉक्टरही तेच म्हणतात, कारण त्यांच्याकडे येतात ते गादीवालेच. जो येतच नाही, त्याला रोग आहे की नाही हे कुणाला ठाऊक? म्हणून आपणच जायचं. एक व्यापाऱ्यांची पेठ घ्यायची, एक गिरणीवाल्यांची चाळ आणि एक मागवाल्यांची गल्ली. प्रत्येक घरातल्या कमावत्या माणसाची लघवी बाटलीत आणायची, तपासायची आणि तक्त्यात लिहायची. मग कळेल, की बसून काम करणाऱ्याला जास्त, की उभ्यानं करणाऱ्याला, की खाणाऱ्याला.

आधी त्यांनी आपल्या कंपाउंडरला पाठवलं होतं. लोकांना वाटलं हा प्लेगची टोचायला आला. धडाधड दारं लागली. बिचारा एकही बाटली न देता परत आला, वर कुणीतरी अंगावर पाणी टाकलेलं. त्या दिवसांत पाणी टाकलं म्हणजे राग किती असेल बघा. सोलापूरचा उन्हाळा, नळाला तासभर पाणी, आणि ते माणसावर वाया घालवायचं.

मी हो म्हटलं, त्याला कारण माझे वडील. ते ह्याच रोगानं गेले. पायाच्या अंगठ्याला ठेच लागल्याचं निमित्त झालं, आणि ती जखम त्यांना घेऊनच गेली. त्याच्या आधी वर्षभर आमच्या मोरीत मुंग्या यायच्या. आई राख टाकायची, रॉकेल टाकायची, मुंग्यांना आणि आम्हां पोरांना शिव्या द्यायची, की मेल्यांनो मोरीत गोड काय सांडता. आम्ही काही सांडत नव्हतो. तेव्हा कुणाला काय कळत होतं? ते जरा तरी कळावं, एवढीच माझी हाव.

पेठेचं काम पटकन झालं. चाळीचंही झालं. बायकांशी हसत, भांडत, उन्हातान्हाचं पाणी मागून पीत मी बाटल्या वाटल्या आणि गोळा केल्या. पेठेत काही बाटल्या निघाल्या साखरेच्या, चाळीत जवळजवळ नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे तर अपेक्षितच होतं. खरी गंमत मागवाल्यांच्या गल्लीत. तिथली माणसं गरीब, पण दिवसभर बसलेली.

त्या गल्लीत सगळी तेलुगू बोलणारी विणकर मंडळी. घरात शिरलं की पहिली खोली म्हणजे माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खटखट, खटखट. माझ्याशी ते मराठीतच बोलायचे, आपापसांत तेलुगूत, आणि मी बसले असताना तेलुगूत हसले की मला वाटायचं माझ्यावरच हसतायत. बहुतेक माझ्यावरच हसत असावेत.

गल्लीच्या टोकाला शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. तिला सगळे अम्मा म्हणत, म्हणून मीही अम्माच म्हणू लागले. हातातला रहाट सोडायची नाही, पण गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं तिला ठाऊक. तिनं हो म्हटलं की गल्लीनं हो म्हटलं. मी सरळ तिच्याकडेच गेले. बाटली दाखवली आणि लाज गुंडाळून काय हवं ते सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली. मग गंभीर होऊन विचारलं, की एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला आमची घाण कशाला पायजे? मी सांगितलं, त्यात साखर जाते का ते बघायचंय, साखर जात असेल तर आतून आजार आहे. तिला ते पटलं की नाही देव जाणे. पण माझी दया आली असावी. म्हणाली, तुम्ही घरोघर फिरू नका, उन्हानं भोवळ येऊन पडाल. बाटल्या वाटून जा, उद्या सकाळी सगळ्यांच्या गोळा करून मी इथं ओट्यावर ठेवते.

तिचा मुलगा आत मागावर होता. तिला तो एकटाच. पंचविशीतला असेल. पहिली बायको बाळंतपणात गेली होती आणि दुसरीची बोलणी चालली होती. लुगड्याच्या काठाचं काम त्याच्यासारखं गल्लीत कुणाला येत नाही, असं म्हातारीनं मला दोनदा सांगितलं. मी आत डोकावले तेव्हा तो खड्ड्यातून उठून पाणी पीत होता. एक तांब्या संपवला, दुसरा भरला, तोही संपवला. गळ्याची हाडं वर आलेली. म्हातारी ओट्यावरूनच ओरडली, की घागर सकाळी भरली ती संपली का रे, माणूस आहेस की रांजण? तो हसला आणि तिसरा तांब्या अर्धा प्याला. मी हात धुवायला मोरीशी गेले, तर भिंतीच्या कडेनं काळ्या मुंग्यांची रांग. थांबले. बराच वेळ तिथंच उभी राहिले. मग तक्त्यावर त्या घराच्या आकड्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं, मोरीत मुंग्या. हे मी लिहिलं होतं. माझ्या अक्षरात होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी काय केलं ते ऐकून कुणी म्हणेल, बाईला माहीत नसेल. बाईला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर टोपलीत बाटल्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात मी बांधलेली आकड्याची चिठ्ठी, तोंडाला बूच, आणि वर धुवट ओलं फडकं घातलेलं. नैवेद्याचं ताट झाकावं तसं. मला हसू आलं. लघवीच्या बाटल्यांचा काय हा थाट, असं मी चेष्टेनं म्हटलंही. म्हातारी म्हणाली, परक्या घरी जायचं सामान आहे, नीट गेलं पाहिजे. गल्लीतलं एक घर बंद होतं, माणसं मंद्रूपला लग्नाला गेलेली. त्यांच्या दाराशी ठेवलेली बाटली तिनं तशीच परत दिली. ती मी पिशवीत वेगळी टाकली आणि विसरले.

दवाखान्यात डॉक्टरांची तपासायची पद्धत साधी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर काही नाही. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी, विटकरी झालं तर फारच. पहिली नळी पिवळी झाली. दुसरी पिवळी. तिसरी नारिंगी. डॉक्टरांनी चष्मा पुसला. चौथी, पाचवी, सहावी. मी आकडे लिहीत गेले. त्या गल्लीत एकही नळी निळी राहिली नाही. एकही नाही हो.

डॉक्टर तर हरखूनच गेले. वाईट दिसतं सांगायला, पण हरखले. म्हणाले, बाई, खड्ड्यात बसून दिवस काढणाऱ्यांना हा रोग होतो, हे आजवर कुणी पाहिलेलंच नाही. श्रीमंतीचा संबंध नाही, बसण्याचा आहे. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि मी त्या पिवळ्या नळ्यांकडे बघत होते. मला आनंद झाला की भीती वाटली, ते आता आठवत नाही. दोन्ही असेल. माझ्या वडिलांच्या मोरीतल्या मुंग्या एकदम सगळ्या गल्लीत पसरल्या होत्या.

तेवढ्यात म्हातारीचा मुलगा आला. आईनं चौकशीला पाठवलं होतं. डॉक्टरांनी कौतुकानं त्याला नळ्यांची रांग दाखवली. रंगाचा माणूस तो. वाकून एकेक नळी बघितली, आणि एका नळीपाशी बोट थांबवलं.

"ह्या समद्या एका घाण्यातल्या हायत," तो म्हणाला. "ही एकच निराळी. हिचा रंग पक्का हाय."

ती नळी विटकरी होती, गडद, जुन्या कौलासारखी. बाकीच्यांत पिवळं-नारिंगी खालीवर होतं. डॉक्टर म्हणाले, कमीजास्त असायचंच. मी चिठ्ठीचा आकडा बघितला. त्याच्याच घराचा होता. मी त्याला सांगितलं नाही. तो बराच वेळ ती नळी उजेडाकडे धरून बघत होता. असा काठ काढला तर लुगडं उठून दिसेल, असं काहीतरी म्हणाला आणि गेला.

मग डॉक्टरांनी गल्लीला पथ्य सांगितलं. म्हणजे मी सांगितलं, त्यांनी लिहून दिलं. कुणाच्या नळीला कुठला रंग आला, तेही मी घरोघर सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, भाकरी बेताची. आणि ज्यांचं फार वाढेल त्यांच्यासाठी आता नवी सुई निघाली आहे, ती मुंबईहून मागवता येते. गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस चांगले चालते-बोलते असलेले लोक कपाळाला हात लावून बसले. कुणाचे पाय दुखू लागले, कुणाला चक्कर येऊ लागली. एका घरी बारसं होतं, लाडू वळून ठेवलेले, ते कुणी तोंडात घालेना. शेवटी म्हणे शेजारच्या गल्लीत वाटून टाकले. पुरुष सकाळी उठून कडुनिंबाचा पाला चावायचे आणि मी दिसले की तोंड फिरवायचे. रोग मीच आणला होता की काय! म्हातारी तर कारल्याशिवाय दुसरं काही शिजवेना. मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबली. मात्र एक झालं. तो मुलगा मला त्या दिवसांत जरा बरा दिसला. पाण्याचे तांबेही कमी झाले होते. हे तेव्हा लक्षात आलं का आता आठवताना येतंय, ते मला सांगता येत नाही.

आठ दिवसांनी दवाखान्याच्या मागच्या अंगणात मी रिकाम्या बाटल्या धूत होते. पिशवी उपडी केली तर ती बंद घराची बाटली निघाली. बुचाभोवती मुंग्या, चिठ्ठीवर मुंग्या, दोऱ्यावर मुंग्या. बंद घराची बाटली, जिच्यात कुणी काही भरलंच नव्हतं. बूच काढलं. तळाशी सुपारीएवढा गुळाचा खडा.

मी ती बाटली हातात घेऊन तशीच उन्हात गल्ली गाठली. म्हातारी कांड्या भरत होती. बाटली पुढं धरली आणि विचारलं, हे काय? ती माझ्याकडे बघतच राहिली, मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय अशा नजरेनं.

"रिकामं भांडं कुनी परत देतंय व्हय, बाई?" ती म्हणाली. "आन बाकीच्यांत तर नुसती घाण. चांगल्या मानसाच्या घरी ती तशीच कशी पाठवायची? म्हनून गूळ घातला."

मी तिथंच ओट्यावर बसले. माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं. शेजारणीची वाटी कालवणाची आलेली असो की औषधाची, परत देताना त्यात चिमूटभर साखर, नाहीतर चार दाणे, काहीतरी टाकायचंच. मीही तेच करत आले होते. मला एवढं साधं सुचलं नाही, की बाटलीही भांडंच. सोलापुरात जन्मलेल्या, वाट्या देत-घेत वाढलेल्या बाईला सुचायला हवं होतं. मुंबईच्या डॉक्टरांना नाही सुचलं तर नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग खुर्चीत बसले. शेवटी त्यांनी त्या गल्लीच्या तक्त्यावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. मी विचारलं, मग आता कोण आजारी आणि कोण धड? ते म्हणाले, काहीच कळलेलं नाही. जाऊन तसंच सांगा, की परीक्षा फुकट गेली, कुणाला रोग आहे की नाही ते ठाऊक नाही, आणि नव्या बाटल्या देऊन या. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही.

पण दवाखान्यापासून गल्लीपर्यंत जाताना माझ्या तोंडात तो निरोप काय झाला बघा. गल्लीतली ती उतरलेली तोंडं, ते न खाल्लेले लाडू, ते कडुनिंब. कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. मी पहिल्याच ओट्यावर उभी राहून म्हणाले, की अहो, गुळाचा घोटाळा होता, तुम्ही सगळे ठणठणीत आहात. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माग थांबले, लोक बाहेर आले, हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले. नव्या बाटल्या कुणी हातात धरेना. एकदा ठणठणीत ठरल्यावर पुन्हा कोण तपासून घेतो? मी आग्रह केला नाही. मलाही त्यांची तोंडं पुन्हा पाडायची नव्हती. तक्त्यावर लिहिलं, नकार.

शेवटच्या घरी म्हातारीनं मात्र नवी बाटली घेतली आणि कोनाड्यात ठेवली. देईन की उद्या, म्हणाली. मग रहाट बाजूला सारून तिनं मला विचारलं, म्हणजे माझ्या लेकालाही काही नाही? मी म्हटलं, काही नाही. तिनं पुन्हा विचारलं, ते लाल आलं ते गुळामुळंच? मी म्हटलं, गुळामुळंच. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, ओशाळली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, अम्मा, तुम्ही चांगल्या मनानं घातलात, आता विसरा. मग ती उठली, आतून गुळाचं पाणी घेऊन आली, एक पेला मला आणि एक मुलाला. आठ दिवसांनी गोड मिळालं म्हणून त्यानं डोळे मिटून एका घोटात संपवलं आणि दुसरा मागितला. मोरीतल्या मुंग्या मला आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या. मी मनाशी म्हटलं, गूळ सांडत असेल, म्हातारी हाताची सैल आहे.

शाळा सुरू झाली. मुली, पाढे, तपासनीस, सगळं पुन्हा सुरू. डॉक्टरांनी आपला लेख इंग्रजीत लिहिला आणि पुण्याला डॉक्टरांच्या बैठकीत वाचला. त्यात पेठ होती, चाळ होती. गल्ली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ज्या गोष्टीची खात्री नाही ती घालता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं बरोबरच असेल. पण गल्ली कागदावरून गेली म्हणजे तिथली माणसं कुठं गेली, हे मला समजेना. मी विचारलंही नाही. वाटलं, आपल्याला त्यातलं काय कळतं.

संक्रांत आली, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. मी मुलींना घेऊन तळ्याकाठी गेले होते. तिथं गल्लीतली एक बाई बांगड्या भरताना भेटली. तिनं सांगितलं की अम्माचा मुलगा गेला. परवाच. मला आधी खरंच वाटेना. मी तिलाच दटावलं, की काहीतरी काय बोलता.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. दिवाळीच्या सुमाराला मागाच्या पावडीचा, म्हणजे पायानं दाबायच्या फळीचा, खिळा पायाला लागला होता. जखम भरेना. तो वाळत गेला, पाणी पिण्याचं तर विचारायलाच नको. लग्न ठरलं होतं, म्हणून म्हातारी गोडाधोडाचं करून घालत होती, की अंगावर मांस चढू दे. शेवटी तो मागावरच पेंगायला लागला, मग उठेना, श्वास जोरात चालू लागला. तेव्हा म्हातारीनं आमच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. ते गेले, नळी उकळून बघितली. मुंबईला सुईसाठी तार केली. सुई यायच्या आत तो गेला.

मी दवाखान्यात गेले. डॉक्टर चष्मा हातात घेऊन बसले होते. मला म्हणाले, बाई, त्याच्या बाटलीत गूळ होता ना? मी म्हटलं, होता, सगळ्यांच्याच होता. ते म्हणाले, मग गुळाच्या खालीही साखर होती का? कपाटातून तो रेघ मारलेला तक्ता त्यांनी काढला. त्याच्या घराच्या आकड्यापुढं माझं बारीक अक्षर होतं, मोरीत मुंग्या. ते त्यांनी वाचलं आणि मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी गल्लीत गेले. बाकीचे माग चालू होते. म्हातारी ओट्यावर होती, पण हात मोकळे. मला बघून सरकली आणि बसायला जागा केली. रडली नाही. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर लाज वाटत होती. मी विचारायला आले होते ते विचारूच नये असं वाटलं, आणि तरी विचारलंच. म्हटलं, अम्मा, त्या दिवशी तुमच्या घरच्या बाटलीत गूळ किती घातला होता?

"आमच्या बाटलीत घातलाच न्हाय, बाई," ती म्हणाली. "पयल्या घरापास्नं घालत आले. ते बंद घर, त्यातबी घातला. आमची बाटली शेवटाला. गूळ पुरला न्हाय. म्हनलं, आपल्याच घरचं हाय, चालतंय."

मी म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? आवाज चढला माझा. तिच्यावर चढवला, मेलीनं मी, त्या घरात, त्या दिवशी.

ती शांतपणे म्हणाली, "तुमी म्हनला, गुळामुळंच. दोन डाव विचारलं की मी. तुमी शिकलेल्या. मला वाटलं, शेजारनीनं टाकला आसंल माझ्या मागं. मलाच कळंना."

मला तरी कुठं कळत होतं? तिला ठाऊक होतं की गूळ नव्हता, मला ठाऊक होतं की मुंग्या होत्या, त्याला स्वतःला दिसलं होतं की तो रंग निराळा आहे. तिघांनी तीन गोष्टी धरून ठेवल्या आणि माझ्या एका शब्दावर सोडून दिल्या. डॉक्टर नंतर म्हणायचे, की वेळेत कळलं असतं तरी सुई रोज लागते, जन्मभर लागते, ते त्यांना जमलं असतंच असं नाही. ते माझ्या समाधानासाठी म्हणायचे, की खरंच तसं होतं, हेही मी कधी विचारलं नाही.

निघताना म्हातारी उठली. आत गेली आणि कोनाड्यातली ती दुसरी बाटली घेऊन आली. उन्हाळ्यात मी दिलेली, कधीच न भरलेली. घासून लख्ख केलेली, बूच वेगळं काढून वाळवलेलं, चिठ्ठीचा दोरा तसाच. ती तिनं माझ्या हातात ठेवली.

"सुतक हाय घरात," ती म्हणाली. "काय घालता येत न्हाय, बाई. आज रिकामीच न्या."

मी ती घेतली. गल्लीत सगळ्या ओट्यांवरून लोक बघत होते. मी पदराखाली बाटली धरून, खाली बघत, त्या गल्लीतून रिकामी बाटली घेऊन घरी आले.